फाटक्या कोपऱ्यांचे पंचे

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आम्ही शहापूरचे विणकर. एके दिवशी माझे यजमान लुगडी घेऊन बेळगावच्या बाजारात गेले आणि फौजदारांनी त्यांना तिथंच धरलं. एका सराफाच्या दुकानात चोरी झाली होती. खिडकीच्या गजाला पंच्याचा तुकडा अडकलेला सापडला, तांबड्या काठात दोन काळ्या रेघांचा. यांच्या खांद्यावरच्या पंच्याला तोच काठ, आणि कोपरा फाटलेला. तुकड्याचे धागे इतके उसवले होते की कडेला कड लावून बघायचीही सोय नव्हती.

सासूबाई आणि मी वकिलांकडं गेलो. म्हातारे होते, सावकाश बोलायचे. काठ जुळतो हे मला खोडता येणार नाही, म्हणाले. पण असा काठ आणि असा फाटका कोपरा तुमच्या पेठेत आणखी किती जणांकडं आहे ते बघा, आणि मिळतील तेवढे पंचे घेऊन या.

दोघी दारोदार निघालो. तो काठ घरोघरी होता. मागावर बसताना पंचा खुंटीला अडकवायची सगळ्यांचीच रीत, त्यामुळं कोपराही तिथंच फाटायचा. पण फाटका पंचा द्यायला बायका भ्यायल्या. एकीनं तर आमच्यादेखत तो चुलीमागं सारला. उद्या आमच्या मालकांना धरलं तर, म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. मला रडू फुटलं.

सासूबाई तिच्या उंबऱ्यावर टेकल्या. "एकटा फाटका पंचा चोराचा दिसतोय गं. सगळ्यांचे एका जागी ठेवले, तर कुणाचाच न्हाय."

थोड्या वेळानं तिनं तो काढून दिला. संध्याकाळपर्यंत एकतीस पंचे जमले.

कोर्टात वकिलांनी ते टेबलावर पसरले, यांचा त्यात मिसळला आणि फौजदारांना विचारलं, यातला चोराचा कुठला? फौजदार बराच वेळ चाळत राहिले. मग मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, तुकड्यावरून चोर त्या पेठेतला असेल एवढंच कळतं. हाच माणूस, हे कळत नाही. दुसरा पुरावा नव्हता. यांना सोडलं. खरा चोर कधीच सापडला नाही.

परतताना हे नेहमीसारखे पुढं गेले नाहीत, माझ्या बरोबरीनं चालले. चारचौघांत माझ्याशी कधी न बोलणारा माणूस हळूच म्हणाला, "लई हिंडलीस म्हणं. पाय दुखत असतील."

मी न्हाय म्हटलं. दुखत होते खरं तर.