धुराडं दिसलं का रं?

आमच्या वेधशाळेच्या भिंतीवर खुणांची एक यादी टांगलेली होती. पाण्याची टाकी, गिरणीचं धुराडं, त्यापलीकडची माळावरची टेकडी, आणि प्रत्येकीचं आमच्या गच्चीपासूनचं अंतर. सकाळी गच्चीवर जायचं, यातलं काय काय दिसतं ते पाहायचं, त्यावरून नजर कुठवर पोहोचते तो आकडा वहीत लिहायचा आणि तारेने पुढे पाठवायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर सोलापूरच्या हवेत धूळ मुक्कामालाच आली होती. तरी मला ते काम म्हणजे जिने चढायची शिक्षा वाटायची.

रात्रपाळी संपवून घरी आलो की वडील दारातच तो आकडा आपल्या पद्धतीने विचारायचे, "धुराडं दिसलं का रं?"

त्यांची उमर गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात गेली होती. कापसाचा भुगा छातीत बसला तो बसलाच. धुळीत बाहेर पडायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी "दिसलं की, आबा," म्हटलं की ते टोपी घालून निघायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या पोराला इचारा. त्याला आभाळातलं समदं कळतंय."

त्या उन्हाळ्यात पंधरा दिवस रोज तोच आकडा येत होता. ये रे माझ्या मागल्या! सोळाव्या सकाळी मी गच्चीवर गेलो, गिरणीच्या दिशेला पाहिलं आणि तोच आकडा लिहिला. त्या दिवशी आबांना वैरागला बहिणीकडे जायचं होतं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं आणि अंथरुणावर पडलो. एस.टी.च्या उघड्या खिडकीतून वाटभर धूळ आत येत राहिली. आत्याच्या अंगणात पोहोचेपर्यंत त्यांना श्वास घेववेना. दुसऱ्या दिवशी ते गेले.

धूळ दुपारी उठली असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. त्या आधारावर मी जेवत होतो, झोपत होतो.

काही महिन्यांनी मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. उपग्रहाची चित्रं तेव्हा नवलाची होती. यंत्रातून कागदावर एकेक रेघ उमटत ती उतरायची. त्यांतले ढग कोणते, धूर कोणता, धूळ कोणती, हे ओळखायला साहेब शिकवायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर एक चित्र लावलं. आमच्या मुलखावरून एक फिकट करडा पट्टा गेला होता.

"ही धूळ," साहेब म्हणाले. "आसपासच्या सगळ्या केंद्रांनी धूळ कळवली. एकटं सोलापूर म्हणतं, हवा स्वच्छ! तिथला गडी झोपला होता बहुतेक."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. कोपऱ्यातली तारीख मी तोवर वाचली होती. आबा वैरागला निघाले तोच दिवस. वेळ सकाळची होती, माझ्या नोंदीनंतर जेमतेम अर्ध्या तासाची.

मी झोपलो नव्हतो. मी गच्चीवर होतो, डोळे उघडे होते आणि धुराडं मला दिसलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. वर्षभर रोज पाहिलेलं ते धुराडं डोळ्यांत इतकं पक्कं बसलं होतं की समोर धुळीची भिंत असतानाही मला ते दिसलं.

गिरणी पुढे बंद पडली. धुराडंही पाडलं. पण अजून सकाळी गच्चीवर गेलो की माझी मान त्याच दिशेला वळते आणि ते तिथे उभं असतं, तोंडाजवळच्या काळ्या डागासकट. मागून आबा विचारतात, "धुराडं दिसलं का रं?"

"दिसतंय, आबा," मी म्हणतो. "पण तुमी जाऊ नका."