धोंडीरामचं ‘हळू’

सौदीतल्या जाझानहून बोटीने दीड तास गेलं की एक बेट लागतं. तिथे आता बघण्यासारखं डोंबल काही उरलेलं नाही. मी पंप बसवायला म्हणून गेलो आणि दोन वर्षं अडकलो. माझ्यामागून धोंडीराम आला. देवगडकडचा, वय बावन्न, आंब्यांवर हापूसची कलमं बांधायला आणलेला. अरबीचे तीन शब्द यायचे त्याला: यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं आणि मोया म्हणजे पाणी. चौथा काही तो शिकला नाही. कलमाला अरबी कळत नाय, म्हणायचा.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, तल्हा. त्याची सहाशे आंब्याची झाडं, आणि फळ परदेशी धाडायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाग आणि बिलकिसचं बाजरीचं शेत यांच्या मधोमध एक जुनी विहीर होती. पाणी दोघांचं. बिलकिस म्हातारी, विधवा. पिकवायची तेवढं खायची, विकायला दाणा उरत नसे. मुलगा मक्केत हॉटेलात कामाला. तो सारखा बोलवायचा, ती जायची नाही. शेत आहे तोवर मी इथेच, म्हणायची.

धोंडीराम हातावर भाकरी थापतो हे पाहून ती पोट धरधरून हसली होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बाजरीचं पीठ घेऊन आली. हा तिला खाला म्हणायचा. हिंदीतली मावशी अरबीतही खालाच, एवढं एक बरं जुळलं. तिच्या शेताचं कुंपण त्याने बांधून दिलं. दोघं आपापल्या भाषेत तासभर बोलत बसत, एकमेकांचं अक्षर कळत नसताना.

त्याचं गाव खाडीकाठचं. विहिरीचं पाणी चाखल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. आल्या आल्या मला म्हणाला, हे गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतंय. बेताने उपसलंत तर पिढ्या जातील. खसाखसा ओढलंत तर खालचं वर येईल. आणि एकदा मचूळ झालेली विहीर परत गोडी होत नाही.

मग तल्हाने मोठा पंप मागवला. तो मीच बसवला. चालू करायच्या दिवशी रियाधच्या अल मलाझमधले दोन फळवाले पाहुणे आले होते. पाण्याचा लोट सुटला. धोंडीरामने ओंजळ भरून चाखलं, विहिरीत डोकावला आणि पातळी झरझर उतरताना बघून हात खाली दाबत ओरडला, “हळू! हळू!”

अरबीत हुलू म्हणजे गोड. तल्हा खूश! ऐकलंत का, कोकणचा उस्ताद पाण्याला गोड म्हणतोय, असं पाहुण्यांना सांगून तो स्वतःही हुलू हुलू म्हणत याच्या पाठीवर थापा मारायला लागला. धोंडीरामला वाटलं, मालकाला पटलं. माझ्याकडे वळून म्हणाला, “ऐकलंन हो त्याने.”

दोन्ही भाषा येणारा तिथे मी एकटा. आणि मी काय केलं? दात काढले. महिनाभर कॅम्पात हा विनोद मीठमसाला लावून सांगितला.

पंप दिवसभर फुल सोडलेला. आठवड्याने धोंडीराम मला ओढतच तल्हाकडे घेऊन गेला. सांग त्याला, विहीर मरेल. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच महिन्यात नवा व्हायचा होता, आणि तो तल्हाच्या हातात. मी शेपूट घातली. तल्हाला म्हटलं, पाणी उत्तम आहे, फक्त पंपाकडे लक्ष असू द्या, असं म्हणतोय. तल्हाने मान डोलावली. बाहेर येऊन धोंडीरामला सांगितलं, बघतो म्हणाले.

पुढच्या पेरणीला बाजरी उगवलीच नाही. जी चार रोपं वर आली ती पिवळी पडून गेली. आंब्यांच्या पानांच्या कडा करपल्या. धोंडीरामने विहिरीचं पाणी चाखून थुंकलं. मचूळ. तल्हाचं फार काही अडलं नाही. तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्यात म्हणे. विचारलंच कोणी तर तो सांगायचा, त्या हिंदी उस्तादाने पाणी चाखून खात्री दिली होती. अख्ख्या बेटाने ते ऐकलं. बिलकिसनेही.

ती मक्केला निघाली त्या दिवशी आम्ही धक्क्यावर गेलो. एक गाठोडं आणि रिकामी घागर, एवढंच सामान. धोंडीराम गाठोडं उचलायला पुढे झाला, तर तिने ते आपल्याकडे ओढून घेतलं. त्याच्या डोळ्यांत बघत अरबीत म्हणाली, “माझं पीठ खाल्लंस आणि त्याला जाऊन सांगितलंस, गोड आहे, ओढ म्हणून.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणते?

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. बोट सुटायची होती. मी म्हटलं, “म्हणते, स्वतःला जप.”

त्याचे डोळे भरून आले. फळी ओली होती, तिचा पाय घसरला. त्याने चटकन तिचा हात धरला आणि म्हणाला, “हळू, खाला. हळू.”

तिने हात हिसडून सोडवला आणि त्याच्या पायाशी थुंकली. बोट दिसेनाशी होईपर्यंत तो मला विचारत राहिला, काय चुकलं रे माझं?