हात काय करून राहिले?

"हात काय करून राहिले?"

कोणीही गात असो, काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. सूर कसा लागला, ताल सुटला का, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी अक्षता हातात असतानाच हे विचारलं होतं. शेजारच्या घरी आलेले जावई न्हाणीघरात गाऊ लागले, तेव्हा त्यांनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं.

"साबण लावून राहिलो!" तिकडून घाबरलेला आवाज आला.

"मग ठीक आहे. चालू द्या."

आरतीवर मात्र ते बेहद्द खूश असत. म्हणत, "आरतीसारखं संगीत नाटक नाही. कोणी टाळ्या वाजवून राहिला, कोणी घंटी, कोणी कापूर विझू नये म्हणून हात आडवा धरून राहिला. हरेकाच्या हाताले काम आहे. अन् डोळा प्रसादावर!"

आता काका कोण, ते सांगतो. रायपूरच्या सिंचन खात्यात नकाशे काढायची त्यांची नोकरी. पण जीव संगीत नाटकं बसवण्यात. तरुणपणी अकोल्याकडे एका फिरत्या नाटक कंपनीत ते पडदा ओढायला होते. कंपनी बुडाली, काका नोकरी धरून रायपूरला आले, तात्यापाऱ्यात बिऱ्हाड केलं आणि आमच्या मराठी मंडळासाठी दरवर्षी एक नाटक बसवू लागले. जाहिरातीत त्यांच्या नावापुढे दिग्दर्शक असं छापलेलं असायचं. तरी लोकांना कोडं पडायचंच, की हा माणूस गात नाही, वाजवत नाही, तोंडाला रंगही लावत नाही, मग करतो काय? काकूंना कोणी विचारलं तर त्या सांगत, "हे? हे लोकांना इकडून तिकडं करतात." मला विचाराल तर दिग्दर्शकाची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

हे इकडून तिकडं करणं खडूने चालायचं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असे. तालीम त्यांच्या गच्चीवर व्हायची. तिथे ते चौकोन, फुल्या आणि बाण काढून ठेवत. हा राजवाडा, हा दरवाजा, इथे राणी रुसते. दुसऱ्या दिवशी खालच्या बिऱ्हाडांतली पोट्टी त्याच चौकोनांवर बिल्लस, म्हणजे ठिकरी, खेळत, आणि संध्याकाळी राणी कुठे रुसायची ते कोणालाच सापडत नसे. काका ओरडत नसत. पोट्टी लंगडी घालत कशी वळतात ते टक लावून पाहत आणि आम्हाला म्हणत, "पाहा, याले म्हणतात तोल. तुमच्यापेक्षा हे बरे."

सैनिकांच्या भूमिकांत बहुतेक कॉलेजची पोरं. घरी आई मराठीत बोलणार, ही हिंदीत उत्तर देणार. एकाने तालमीत विचारलं, "अंकल, ये 'रणांगण' मतलब?"

"रण का आंगन."

"तो झाडू लगाना है क्या?"

काका म्हणाले, "हव. तलवारीनं. अन् कोपरे सोडू नको."

मला गाता येत नव्हतं. म्हणून दरवर्षी मला लढाईवर पाठवत. पहिल्या अंकात ऐट करायची, दुसऱ्यात निरोप घ्यायचा आणि तिसऱ्यात माझी फक्त बातमी यायची. तेवढं मला जमे.

निरोप घ्यायचा तो वहिनींचा; नाटकात त्या माझी बायको. त्या समता कॉलनीत राहत. त्यांच्या यजमानांचा दवाखाना होता आणि साऱ्या गावाला दोघांत जास्त ओळखीच्या वहिनीच होत्या. गळा असा, की पहिल्या सुराला पानवाल्याचाही हात थांबावा. पण एकदा गायला लागल्या की एक हात कानाशी, दुसरा मांडीवर ठेका धरणार, डोळे मिटलेले. नवरा लढाईवर जातो आहे की भाजी आणायला, त्याच्याशी त्यांचा संबंध संपला. आणि वन्स मोअर! वन्स मोअर मिळाला नाही असं वहिनींचं एकही पद आम्हाला आठवत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्या हिशेबानेच त्या मंचावर येत.

तुम्हीही संगीत नाटकं पाहिली असतील, तेव्हा पुढचं ऐकून हसू नका. एका गणेशोत्सवात असंच निरोपाचं पद झालं. मी तलवार सावरत विंगेत गेलो. वन्स मोअर आला. पद माझ्याकडे पाहून म्हणायचं, म्हणून मी परत आलो, पुन्हा निरोप घेतला, पुन्हा गेलो. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा आलो तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे भैया, अब जाने दो उसको, लडाई खतम हो गई होगी!" सभागृह असं हसलं, की पुढे माझ्या मरणाची बातमी आली तेव्हाही लोक डोळे पुसत होते ते हसण्यानेच.

त्या दिवशी काकांनी प्रसादसुद्धा घेतला नाही. "माणूस गेला म्हणजे गेला," ते मला म्हणाले. "तू का पॅसेंजर गाडी आहेस, मागंपुढं कराले? त्या बाईचा नवरा मराले जाऊन राहिला अन् लोक म्हणतात पुन्हा दाखवा! एकदा, फक्त एकदा, निरोपाचं पद झाल्यावर लोक चूप बसले पाहिजेत. एकानं वन्स मोअर म्हणायचं नाही. मग मी खडू खाली ठेवतो."

आम्ही पाठीमागे हसलो. वन्स मोअर मिळू नये म्हणून धडपडणारा नाटकवाला दुसरा कुठे असेल?

तेवढ्यात नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. दर चौकात कमान, दर सभागृहात कोणाचा तरी सत्कार. आम्हाला नाटकासाठी तारीख मिळेना. मंडळाच्या बैठकीत नव्या पिढीने ठरवून टाकलं, की पुढच्या वर्षीपासून हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा करायचा. संगीत नाटक यंदाचं शेवटचं. काकांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "मग यंदा तेच नाटक करू." तेच म्हणजे माझ्या तीन निरोपांचं.

आता त्यांनी वहिनींच्या हातांचा पिच्छा पुरवला. आधी गाताना वाती वळायला दिल्या, मग तांदूळ निवडायला. शेवटी शिदोरीवर नेम धरला. पद चालू असताना वहिनींनी फडक्यात भाकरी बांधायची, गाठ मारायची, शिदोरी माझ्या हातात द्यायची, मी ती घेऊन निघायचं आणि मग त्यांनी शेवटची ओळ गायची.

"भाऊजी, मी गाऊ की गाठ बांधू?" वहिनी कावल्या.

"गाठ बांधा. गाणं होऊन जाते आपोआप."

"अन् वन्स मोअर आला तर? पुन्हा सोडू?"

काकांनी खिशातला खडू काढून गच्चीवर आणखी एक फुली मारली. त्यांना वहिनींचा मान होता, आणि वहिनींना काय प्यारं आहे तेही ठाऊक होतं.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी ते मला तेलीबांध्याच्या तळ्याकडे फिरायला घेऊन गेले. बराच वेळ राजधानीच्या रस्त्यांना नावं ठेवून झाली. मग एकदम म्हणाले, "परवा शिदोरी नेऊ नको."

"म्हणजे?"

"त्या पुढं करतील. तू पाठ फिरव अन् जा. मागं पाहू नको."

"वहिनींना सांगितलं?"

"सांगितलं तर त्या गातील."

भर मंचावर बाईंची फजिती झाली तर? आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणवेना. पुढे काही वर्षांनी काका वारले तेव्हा शोकसभेत पुष्कळ लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले, पण ही गोष्ट कोणी सांगितली नाही. काका, वहिनी आणि मी, आम्हा तिघांशिवाय ती कोणाला माहीतच नव्हती.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बदली होऊन आलेले नवे अधिकारी पुढे, आमचे जुने वन्स मोअरवाले मागे. दुसऱ्या अंकात पद सुरू झालं. वहिनींनी भाकरी बांधली, गाठ मारली, शिदोरी पुढे केली. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो.

गाणं थांबलं. पेटीवाल्याने बिचाऱ्याने सूर धरून ठेवला. आणि मागून आवाज आला, "अहो, हे राहिलं ना!"

नाटकात नायिका नवऱ्याला प्राणनाथ म्हणते. हे वाक्य नाटकातलं नव्हतं, ते समता कॉलनीतल्या घरातलं होतं. मी मागे न पाहता चालत राहिलो. विंगेत काका मंचाकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून उभे होते. वहिनींनी शेवटची ओळ गायली. ना तान, ना हरकत. नुसती म्हटली.

मग काहीच नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हटलं का कोणी?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

कोणीतरी खोकललं. काकांनी माझा दंड असा आवळला की मी ओरडणार होतो. "नीट ऐक बे."

"कोणी नाही म्हटलं, काका."

अंकाचा पडदा पडला तरी टाळ्या यायला वेळ लागला. वहिनी तरातरा विंगेत आल्या. "शिदोरी काहून नाही नेली?" मी काकांकडे बोट दाखवलं. त्या त्यांच्याकडे वळल्या. "भाऊजी, आजवर असं झालं नाही. एकानंही वन्स मोअर म्हटलं नाही!"

"वहिनी, मले गाणं ऐकूच नाही आलं," काका हात जोडून म्हणाले. "माणूस जाऊन राहिला, मिटल्या डोळ्यांनी तेवढंच दिसलं."

वहिनी काहीतरी खरमरीत बोलणार होत्या. पण हातातल्या शिदोरीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "पोरगा पुण्याला गेला तेव्हा डबा असाच राहिला होता ओट्यावर. मी स्टेशनापर्यंत गेली. गाडी सुटून गेलती."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी हातांचं काम म्हणून काढलेली एक युक्ती होती ती. ते इतके ओशाळले, की मला त्यांची दया आली. "मले नाही माहीत, वहिनी," एवढंच पुटपुटले.

"आता झालं ना माहीत." वहिनींनी पदराने डोळे टिपले, त्याबरोबर निम्मा रंगही गेला. "सरका, तोंड नीट करू द्या. तिसऱ्या अंकात माझं पद आहे."

तिसऱ्या अंकात नवऱ्याच्या मरणाची बातमी येते आणि नायिका भैरवी गाते. मी लुगडी आणि तलवारींच्या पेटीवर काकांशेजारी बसलो होतो. वहिनी गायल्या, नेहमीसारख्या, एक हात कानाशी, एक मांडीवर, डोळे मिटून. काकांनी त्यांच्या हातांबद्दल चकार शब्द काढला नाही. पद संपलं. दुसऱ्या अंकाने बिचकलेलं सभागृह ओरडावं की नाही या विचारात पडलं, आणि त्या शांततेत माझ्या कानाजवळ खणखणीत आवाज झाला, "वन्स मोअर!"

मी चमकून पाहिलं. "काका, तुम्ही?"

"माणूस गेला ना बे आता," ते म्हणाले. "आता गाऊ दे त्यांना."