अर्लीनबाईंच्या डॅडींचा स्पीड

नोव्हाय गावच्या मराठी मंडळात शशिकांतला किरकिऱ्या म्हणतात, आणि उगीच नाही म्हणत. नव्या गाड्यांमधली करकर, घरघर शोधून काढायची हीच त्याची नोकरी. घरी येऊन तरी गडी स्वस्थ बसेल तर शपथ! बेसमेंटमध्ये जुन्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्या लावायच्या आणि प्लेअरचं स्पीडचं बटण मागेपुढे करत राहायचं.

त्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्या काळी सुई मेणाच्या जाड चकतीवर गाणं कोरायची, आणि चकती फिरायची ती दोरीला टांगलेलं वजन खाली उतरेल त्या जोरावर. कोरताना चकती जरा सावकाश फिरली, की तेच गाणं आज मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ठरल्या स्पीडला नुसतं धावतं, आणि चांगला बाप्या माणूस पोरासारखा गायला लागतो.

शेजारच्या अर्लीनबाईंची नेमकी हीच पंचाईत झाली होती. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या, मूळच्या मिसिसिपीच्या. त्या लहान असतानाच वडील गेले. गिटारवर गायचे, आणि घरात त्यांच्या आवाजाचा मोठा धाक. उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली, फोटो तर एकही नाही. ती रेकॉर्ड लावली की बाई मान हलवायच्या, "हा कोण पोरगा? हे माझे डॅडी नाहीत." आता त्यांचे कान जात चालले होते. हिवाळ्यापर्यंत उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी एकदा डॅडींना ऐकायचं होतं.

शशिकांतला चैन पडेना. शेवटी पठ्ठ्याने काय करावं? पेटी काढली! गिटारचा सूर काळी दोनला बरोब्बर मिळेपर्यंत स्पीड उतरवला आणि मोठ्या ऐटीत बाईंना ऐकवलं.

"जवळ आलास," बाई म्हणाल्या. "पण हा डॅडींचा धाकटा भाऊ वाटतो."

शशिकांतचा चेहरा पडला. त्याची बायको गिरिजा गाणं शिकवते, ती वैतागलीच. "अरे, त्यांच्याकडे पेटी होती का? एकटा माणूस, एक गिटार. गळ्याला झेपेल तिथे तारा लावल्या असतील. त्यांना काळी दोनला कशाला बांधतोस, यार? गाणं सोड, रेकॉर्डच्या सुरुवातीला ते बोललेत ना, तेवढंच ऐकव. आणि बटण बाईंच्या हातात दे."

शनिवारी त्याने प्लेअर बाईंच्या हॉलमध्ये मांडला. "तुम्हीच फिरवा."

सुरुवातीचं बोलणं परत परत लावत बाईंनी बटण फिरवलं. आवाज जड होत गेला. काळी दोन मागे पडली, तरी हात थांबेना. शशिकांत उठला, बसला, पुन्हा उठला. हात नुसते शिवशिवत होते. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी बाईंचा हात थांबला.

"ये, बस इथे. ऐक आता," तबकडीतून वडील म्हणाले.

"येस, सर," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. डोळे भरून आले होते.

शशिकांतचा जीव मात्र वरखाली होत होता. म्हातारपणी कानातून आधी उंच, बारीक आवाज जातात, खालचे जाड तेवढे उरतात. बाई डॅडींपाशी थांबल्या, की आपल्या कानांना सोसेल तिथे? गिरिजाने डोळे वटारले, तरी त्याच्या तोंडून निघालंच, "हेच डॅडी, कशावरून?"

"मला भीती वाटली," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजवर ऐकलं तेव्हा एकदाही वाटली नव्हती."