मंजूर नमुन्यावरचं कुंकू

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत नव्या ऑर्डरचा पहिला नग निघाला की आई त्याला कुंकू लावायची. रीतच होती. एका परदेशी कंपनीसाठी आम्ही ट्रकच्या ब्रेकचा एक भाग ओतायला घेतला, तेव्हाही तिनं नमुन्याला बोटभर कुंकू लावलं. पॅकिंगच्या पोरांनी ते पुसायचं सोडून त्यावरच गंज न धरण्याचा पारदर्शक लेप मारला आणि नमुना जर्मनीला धाडला. तो मंजूर झाला. बाबांनी पेढे वाटले.

पहिला माल पोचला आणि कंपनीचा मेल आला: मंजूर नमुन्यावर असलेली लाल खूण या नगांवर नाही, खुलासा करावा. अर्ध्या जगात कारखाने असलेल्या कंपनीला कुंकू म्हणजे काय हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बाबांनी ठोकून दिलं की ती शेवटच्या तपासणीची खूण आहे, या खेपेला राहून गेली. तपासणी कोण करतं, असा उलट प्रश्न आला. बाबांनी आईचं नाव कळवलं. झालं. आई घरबसल्या तपासनीस झाली.

पुढं बाबांनी लाल रंगाचा डबा वापरून पाहिला, तर छटा नमुन्याशी जुळत नाही म्हणून तक्रार. मग रोज सकाळी आई करंडा घेऊन पॅकिंगला बसू लागली. लग्नकार्याशिवाय घराबाहेर न पडणारी बाई ती, पण लवकरच तिला नुसतं कुंकू लावणं कमीपणाचं वाटायला लागलं. नग उलटापालटा करून बघायची, कड खडबडीत लागली की कुंकू न लावता बाजूला सरकवायची. पॅकिंगची पोरं तिला टरकून असायची. कंपनीचा पुण्याचा माणूस पाहणीला आला की तिला मॅडम म्हणायचा, आणि ते ती पाहुण्यारावळ्यांना सांगत सुटायची. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

बाबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर भट्टी सांभाळणारे माझे धाकटे काका घरी आले आणि फार मवाळपणे म्हणाले की आता वैनींनी कुंकवाला हात लावणं बरं दिसायचं नाही, काकू बसेल. आईनं करंडा काढून दिला आणि आत गेली. त्यानंतर ती दिवसभर बंद टीव्हीसमोर बसून राहायची. माझं डोकं फिरलं.

फौंड्रीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघते. मी कंपनीला अगदी नम्रपणे कळवलं की आमची तपासणी करणारी व्यक्ती बदलते आहे. उत्तर काय येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तसंच आलं: बदलाला आमची मंजुरी लागेल, नवे नमुने, नव्या चाचण्या, तोवर माल थांबवा.

काका भडकले. "त्यास्नी काय कळतंय आपल्यातलं?"

मी म्हटलं, कळत काही नाही, पण माल तेच घेतात. काकूंना गुपचूप बसवायचा बेत काकांनी केला, तर पुढच्याच आठवड्यात पुण्याचा माणूस यायचा होता आणि तो आईला चांगला ओळखत होता. मला हसू येत होतं आणि चीडही. माझ्या आईनं कुठं बसायचं ते आधी काकांनी ठरवलं, आता तिला कधी न पाहिलेली माणसं ठरवत होती.

संध्याकाळी काका घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "वैनी, उद्यापास्नं यायचं की. कंपनी ऐकंना झालीया."

"कंपनीचं कळलं, भावजी," आई म्हणाली. "उद्या कंपनी दुसरीकडं गेली, मग मी परत घरात बसायचं व्हय?"

काकांनी रिकामा कप बशीत ठेवला. मग गाडी पाठवतो म्हणाले. आईनं नाही म्हणून मान हलवली.

"गाडी ऱ्हाऊ दे. तुमी काय म्हणताय ते सांगा."

भट्टीच्या धडधडीतही काकांचा आवाज फाटकापर्यंत पोचतो. त्या संध्याकाळी मला शेजारी बसूनही कान द्यावा लागला.

"मी म्हणतोय, या."

आईनं ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणवून घेतलं. मगच आत जाऊन उद्याची साडी काढली.