खामगावहून येणारी मोटार

तार घेऊन हे मळ्यात आले तेव्हा मी वांगी तोडत होते. दादा गेल्याचं त्यात लिहिलं होतं, बाकी काही नाही. मी तो कागद उलटून मागची बाजूही पाहिली... दादाच्या रहस्यकथांचं शेवटचं पान मी नेहमी आधी वाचायची आणि तो चिडायचा. मागं कोरंच होतं.

दादा जळगाव जामोदच्या शाळेत गणित शिकवायचा आणि टोपणनावानं रहस्यकथा लिहायचा. वर्षाला चार-पाच कादंबऱ्या, प्रत्येकीत निदान दोन खून. स्वतः मात्र पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नाल्यापलीकडे सोडून यायचा आणि चार दिवसांनी बहुधा तोच पुन्हा पकडायचा. माझं लग्न जानेफळला झालं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, सुपारी कातरून होईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नसत. दादानं हे लग्न ठरवायच्या सुपारीच्या बैठकीतच टिपलं, आणि त्याच्या पुढच्या कादंबरीत एक जमीनदार सुपारीतून विष चारू लागला. अडकित्ता तोच, पितळी मोराचा. नाव बदललं की झालं, असं आमच्या भाबड्या दादाला वाटलं होतं. जानेफळात ते पुस्तक घरोघर फिरलं. पारावर लोक मामाजींना म्हणू लागले, "आधी तुमी खा, मंग आमाले द्या."

मामाजींनी फर्मान काढलं, "ज्यानं मले खुनी केलं, त्याच्या घरी माही सून जाणार नाही." तीन भाऊबिजा गेल्या. दादाच्या पत्रांत माफी असायची, पण मामाजी ती पत्रं ऐकूनच घेत नसत. मी चंद्राला ओवाळायची, धडधाकट भाऊ असताना. त्यामुळे मला दादाचाही राग येई, खोटं कशाला बोलू!

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मेहकरहून यांनी एक दिवाळी अंक आणला. त्यात दादाची अख्खी कादंबरी होती, प्रथमच त्याच्या खऱ्या नावानं. संध्याकाळी ओसरीवर मी मोठ्यानं वाचायला बसले. मामाजी पाठ फिरवून सुपारी कातरत होते. शेजारचे गणपतराव तिसऱ्या दिवशीही विचारत होते, "मुडदा कवा निघते?" मुडदा निघालाच नाही. गोष्ट होती माहेरी न येणाऱ्या एका बहिणीची, आणि सुपारी कातरून होईपर्यंत न बोलणाऱ्या तिच्या तापट सासऱ्याची. भाऊबिजेला भाऊ सकाळपासून स्टँडवर उभा. बहिणीच्या वाटेवरच्या खामगावहून येणारी प्रत्येक मोटार तो पाहतो, आणि मोटार रिकामी झाली तरी आत वाकून बघतो...

इथं मी अंक मांडीवर ठेवला. अडकित्ता थांबला.

"काऊन थांबली?"

"मामाजी, पुढचं वाचवत नाही."

"मंग म्हाताऱ्यानं काय केलं, थेच वाच."

मी शेवटचं पान काढलं. म्हातारा स्वतः सुनेला घेऊन मोटारीतून उतरत होता. मामाजींनी अर्धी सुपारी तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, "तुह्या भावानं लिहूनच ठेवलं, आता माह्या हाती काय राह्यलं! मोटार कितीची हाये?"

आम्ही कळवलं नव्हतं, तरी भाऊबिजेला दादा स्टँडवर होता. म्हणाला, "चुना घ्याले आलतो." मामाजींनी त्याच्यापुढे सुपारी धरली. "काहो मास्तर, भेव नाही लागत?" दादानं ती तोंडात टाकली, आणि चावता चावता भर स्टँडवर रडला. पुढे मामाजी होते तोवर दर साली तेच मला पोचवायला आले. प्रकाशकानं तशीच दुसरी मागितली, तर दादा म्हणाला, "मले थेवढी एकच येत होती." आणि पुन्हा खून पाडू लागला.

तेराव्यानंतर वहिनीनं त्याच्या टेबलाचा खण उघडला. आत चुन्याच्या डब्या होत्या. दादा पान खात नसे. "तू येत नव्हती ना," वहिनी म्हणाली, "तवा तिन्ही साली भाऊबिजेला सकाळीच स्टँडवर जात. मले सांगत, चुना आनतो म्हनून. शेवटची मोटार गेली की एक डबी घेऊन घरी येत." म्हणजे स्टँडवरचं ते पान त्यानं रचलेलं नव्हतंच... आणि मी तीन वर्षं त्याच्यावर रागावून चंद्राला ओवाळत होते.

एक डबी मी घेऊन आले. चुना वाळून दगड झालाय. भाऊबीज पुढच्या आठवड्यात आहे, वहिनीनं बोलावलंय, मी जाणार आहे. मोटार स्टँडात शिरली की लोक घाईनं उतरतील. सगळे उतरेपर्यंत मी मात्र माझ्या जागेवरच बसून राहणार आहे.