येतो गं पोरींनो

अण्णांचा आवाज अख्ख्या नगरला माहीत होता. चेहरा फारसा कुणाला नाही. ते एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. 'जामखेडमार्गे खर्ड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे' हे ते असं म्हणायचे, की ज्याला खर्ड्याला जायचं नाही त्यानंही पिशवी उचलावी. माईकसमोर पुस्तकातलं शुद्ध मराठी आणि घरात पाय ठेवला की आमच्या काष्टी गावची बोली. "दिवसभर जीभ सरळ ठेवून दुखती बग, आता जरा वाकडी हुं दे," म्हणायचे.

सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणीतरी दिलेला एक जुना टीव्ही होता. चित्र झकास, आवाज मुळीच नाही. दुरुस्त करून आणा म्हटलं की अण्णा म्हणायचे, "आपल्या घरात आवाजाला काय कमी हाय?" केबलवर संध्याकाळी एक इंग्रजी कार्टून लागायचं. मोठ्या कानांचा, आखूड टाय घातलेला एक बाप, त्याचे दोन पोरगे आणि एक आळशी बोका. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या टीव्हीतून ते ऐकूही येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. सगळ्यांचे आवाज तेच काढायचे. त्या बापाला पोरगे असले तरी आमच्या घरात तो त्यांना 'पोरींनो' म्हणायचा. मी हसले की अण्णा म्हणत, "पोरी समोर बसल्यात की."

हा खेळ सुरू झाला तो बेबीसाठी. बेबी माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मी चौदाची. आईला दवाखान्यात नेत होते तेव्हा ती घाईघाईत "जाते गं" म्हणाली. आपल्याकडे निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. का, ते बेबीला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिला त्या दिवशी कळलं. आई परत आली नाही आणि बेबीनं बोलणंच सोडलं. चार महिने घरात तिचा शब्द नाही. अण्णांनी लाडीगोडी लावली, चिडूनही पाहिलं, एकदा तर तिच्यासमोर बसून रडले.

मग एका संध्याकाळी तो कार्टूनमधला बाप टोपी घालून दाराशी आला, त्याचे ओठ हलले आणि अण्णा त्याच्या वतीनं म्हणाले, "येतो गं पोरींनो." बेबीनं मान वर केली. "लवकर या," ती म्हणाली. अण्णा हातातला चहा तसाच धरून बसून राहिले. त्या दिवसापासून घरातून निघताना रोज 'येतो' आणि 'लवकर या' झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा नियमच झाला.

तो बाप मोठा धांदरट. पोळी जाळायचा, किल्ल्या हरवायचा, शिडीवरून पडायचा. पण प्रत्येक वेळी पोरांसमोर उकिडवा बसायचा, आणि अण्णा त्याला म्हणायला लावायचे, "चुकलं माजं." आई होती तोवर आमचे अण्णा असलं काही म्हणणारे नव्हते. चूक त्यांची असली तरी ओरडा आम्हाला. हळूहळू तेही भाजीत मीठ जास्त पडलं की उकिडवे बसून कान धरू लागले. ते त्याच्याकडून शिकले की तो त्यांच्याकडून, मला आजवर कळलेलं नाही.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटायची. संध्याकाळचा भाग दुपारी एकदा लागून गेलेला असायचा. तेव्हा अण्णा ड्युटीवर असत. बेबी एकटीच मुक्या टीव्हीसमोर बसून हसायची, उत्तरं द्यायची. एकदा मी विचारलं, "काय म्हणतोय तो?" ती म्हणाली, "म्हणतोय, बोक्याचं लगीन काढलंय, पण नवरीच म्याव म्हणंना." मी सोडून दिलं. संध्याकाळी अण्णा आले, टीव्हीपुढे बसले आणि त्या जागी शब्दन् शब्द तेच बोलले. माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना सांगितलं तर हसायला लागले. "अगं, बोलतोय त्योच. मी नुसता त्याला माईक देतो."

त्यानंतर काही महिन्यांनी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, तो बाप नेहमीसारखा दाराशी आला आणि अण्णा म्हणाले, "जातो गं पोरींनो."

बेबी ताडकन उठली. "येतो म्हणा!"

"त्यानं जातोच म्हटलं की," अण्णा म्हणाले. थट्टाच करत होते. पण मग त्यांनी हात ओठांना लावला आणि स्वतःशीच पुटपुटले, "असं कसं निघालं तोंडातनं?" बेबीची समजूत काढायला त्यांनी दहा वेळा 'येतो' म्हटलं. तिनं एकदाही 'लवकर या' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा बेबी झोपेत होती. दुपारी स्टँडवर त्यांनी माईक हातात घेतला. "जामखेडमार्गे खर्ड्याला..." एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य आलं नाही. माईक बिघडला असं समजून लोक बराच वेळ भोंग्याकडे बघत उभे होते, असं अण्णांचे सोबती नंतर सांगत होते. आत ते खुर्चीतच गेले होते.

बेबी पुन्हा गप्प झाली. या वेळी ती रडलीही नाही. काष्टीची आत्या येऊन राहिली होती. तेराव्याला ती मला म्हणाली, "आईच्या वक्ताला बाप तरी हुता. आता ही पोर न्हाई बोलायची गं." मला तिचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं. बेबीचा आवाज परत आणायचा तर आता मीच काहीतरी करायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला आणि बेबीला शेजारी बसवलं. अण्णांसारखा आवाज काढायचा, एवढंच वाक्य म्हणायचं, असं दिवसभर घोकलं होतं. तो मोठ्या कानांचा बाप टोपी घालून दाराशी आला. काही केल्या तोंड उघडेना. त्याचे ओठ हलले.

"लवकर या," बेबी म्हणाली.

आत्या स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "कुणाला म्हनलीस गं बाय?"

"अण्णांना. येतो म्हणाले की आत्ता."

आत्या तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. पोरीला भास झाला, पण बोलली तरी, असं ती पुढं कितीतरी वर्षं सांगत असे. मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही. बेबी आज दोन लेकरांची आई आहे आणि भरपूर बोलते. पण एवढं मी तिलाही सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी माझं तोंड बंद होतं, टीव्ही मुकाच होता, आणि "येतो गं पोरींनो" मलाही ऐकू आलं होतं.